टरफलांचं नायलॉन

माझा मामेभाऊ मंदार खानवलकर याला पहिली शाल मिळाली तेव्हा तो तिसरीत होता आणि शाल त्याच्या घोट्यांपर्यंत लोंबत होती. कशाबद्दल मिळाली? रामरक्षा न अडखळता म्हटली म्हणून. झाशीत आम्ही मराठी माणसं मुळात मूठभर. पेशवाईच्या काळात कुणी कारकुनीला आलं, कुणी पूजेअर्चेला, आणि मग परत जायचं राहूनच गेलं. आता निम्म्या घरांतली पोरं मराठी समजतात, बोलत नाहीत. अशा गावात एखादा मुलगा मराठीत चार ओळी धड म्हणाला की आमच्या मंडळींचे डोळे पाणावतात. शाली कपाटात घडी घालून ठेवलेल्याच असतात. माणूस सापडायचा अवकाश.

मंदार सापडला आणि पुन्हा सुटला नाही. दहावीला शाल, बारावीला शाल. इंजिनीअरिंगला न जाता बायोटेक्नॉलॉजीला गेला तेव्हाही शाल. खरं तर त्याला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला नव्हता, पण त्याचे वडील, म्हणजे माझे हरिभाऊ मामा, आमच्या इथल्या मराठी मंडळात म्हणाले, "चिरंजीवांनी चाकोरी नाकारली." मामा कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते. जन्मभर साहेबांच्या चुका कागदावर सजवून झाल्या होत्या. मुलाच्या सजवायला वेगळं शिकावं लागलं नाही.

मी शारदा. ओरछा गेटच्या आत राहते, मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, जीवशास्त्र शिकवते. मंदारला बेडकाचं हृदय पहिल्यांदा मीच दाखवलं, तेव्हा तो हुशार होता हे मी नाकारत नाही. हुशारी होतीच. खोट दुसरीकडे होती. चार माणसं बघत नसली तर त्याला स्वतःची हुशारी दिसायचीच नाही.

हैदराबादहून डॉक्टरेट घेऊन तो परत आला आणि ललितपूर रस्त्यावरच्या एका खासगी कॉलेजात लागला. त्या कॉलेजच्या दारात संगमरवरी हत्ती आहेत आणि ग्रंथालयाला कुलूप आहे. पण प्रयोगशाळा बरी होती, कारण ती पालकांना दाखवायला लागते. लग्न त्याने सलोनीशी केलं. सलोनी मऊरानीपूरची, तिचे भाऊ शेंगांचा व्यापार करतात. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. टरफलांची मूळ कल्पना तिची, हे मंदारने नंतर कुठल्याच भाषणात सांगितलं नाही. जेवताना ती सहज म्हणाली होती, "मूंगफली का इतना छिलका निकलता है, भैया लोग ढेर लगाकर जला देते हैं। तुम्हारे कीड़े नहीं खाते क्या?"

पुढचं विज्ञान सोपं करून सांगते. मंडळात मंदारने ते जितकं अवघड करून सांगितलं तितकं ते नाही.

नायलॉन म्हणजे लांबच लांब साखळी. एका जातीचं नायलॉन दोन प्रकारच्या कड्यांचं असतं, त्यातल्या एका कडीचं नाव अ‍ॅडिपिक अ‍ॅसिड. जगभर ते खनिज तेलापासून करतात आणि करताना हवेत नको ते वायू सोडतात. आता शेंगेचं टरफल टणक असतं ते लिग्निन नावाच्या पदार्थामुळे. टरफलं कॉस्टिक सोड्यात शिजवली की काळा काढा होतो. मातीत एक जीवाणू असतो, त्याला हा काढा पचतो. पचवताना अर्ध्या वाटेवर त्याच्या पोटात एक आम्ल तयार होतं आणि तो ते पुढे खाऊन टाकतो. मंदारने त्याचं ते पुढे खाण्याचं जनुकच काढून टाकलं. घास तोंडात, पण गिळता येत नाही, अशी त्या जीवाणूची अवस्था. मग तो ते आम्ल बाहेर टाकत बसतो. जगायला त्याला थोडी साखर वेगळी घालायची. बाहेर पडलेलं आम्ल गोळा करायचं, त्यावर हायड्रोजनची एक प्रक्रिया करायची, की झालं अ‍ॅडिपिक अ‍ॅसिड. ही युक्ती मंदारची नव्हे. जगात पुष्कळांनी केलेली. बुंदेलखंडातल्या टरफलांवर ती चालते का हे बघायचं, एवढंच त्याचं. पण एवढंही कमी नव्हतं.

काही वर्षं ती चालली नाही. काढा इतका कडक व्हायचा की जीवाणू मरून जायचे. मंदारने त्यांना थेंबाथेंबाने सवय लावली. आधी पाण्यासारखा काढा, मग जरा दाट, मग आणखी. जे तगले त्यांची पुढची पिढी घ्यायची, तिला पुन्हा थोडा जास्त. सुट्ट्यांतसुद्धा तो जायचा. हे काम त्याने खरोखर केलं, आणि कुणी बघत नसताना केलं. म्हणूनच बहुधा कुणाला त्याची किंमत वाटली नाही, त्याला स्वतःलाही.

मामांना मात्र थांबवत नव्हतं. "चिरंजीव टरफलांतून नायलॉन काढतायत," असं त्यांनी मंडळात जाहीर करून टाकलं. टरफलं उचलण्यावरून मराठी माणूस किती ताठ होऊ शकतो हे शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. आमच्या मंडळात मात्र ती उचलायला रांग लागली. थंडीत बायका पिशव्या भरभरून टरफलं घेऊन मामांच्या दारात. भाजलेली, मीठ लावलेली, वाळू चिकटलेली, वर कुणाकुणाच्या तोंडची. एक बाई तर म्हणाल्या, "यातून निघेल त्यातली पहिली साडी मला हं!" मामांनी त्यांचं नाव लिहून घेतलं. सगळ्या पिशव्या सलोनीने गुपचूप कचऱ्याच्या गाडीत घातल्या. मंदारला मी म्हटलं, "अरे, यांना खरं सांग की." तो म्हणाला, "राहू दे ना ताई, त्यांना बरं वाटतंय." कुणाला बरं वाटत होतं ते मला दिसत होतं.

मग मार्गशीर्षात एका दुपारी त्याचा फोन आला. "ताई, येतेस?" आवाज नेहमीचा नव्हता. नेहमी तो फोनवरसुद्धा माईकसमोर असल्यासारखा बोलतो.

शाळा सुटल्यावर मी त्याच्या प्रयोगशाळेत गेले. सलोनी डबा घेऊन आधीच आली होती. डबा तसाच, न उघडलेला, टेबलावर होता. मंदारने एक छोटी काचेची बशी पुढे केली. तिच्या तळाशी चिमूटभर भुकटी. रंग तपकिरी, अगदी आमच्या आजोबांच्या डबीतल्या तपकिरीसारखा.

"हे?" मी म्हटलं.

"हेच."

"खात्री आहे?"

"पुन्हा पुन्हा बघितलं. यंत्रावर जिथे रेघ यायला हवी तिथेच येते. घाण आहे बरीच, पण आहे. ताई, हे टरफलांतून आलंय. माझ्या जीवाणूंनी केलंय."

आणि तो रडायला लागला. माणूस सत्काराला भाषण करताना रडतो तसा नव्हे. नाक गळेपर्यंत, तोंड वेडंवाकडं करून. सलोनीने पदर पुढे केला. जरा शांत झाल्यावर तो म्हणाला, "इतक्यात कुणाला सांगू नका. आधी रंग काढायला हवा. आणि एवढंसं कसं दाखवणार?"

मी त्या दिवशी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याच्याबद्दल माझ्या मनात जे काही चांगलं आहे ते सगळं त्या दुपारचं आहे. ते संक्रांतीपर्यंत टिकलं.

संक्रांतीला मंडळात दुपारी तिळगुळाचा कार्यक्रम असतो. मामा अध्यक्ष. तिळगूळ वाटून झाल्यावर मामा उभे राहिले आणि म्हणाले की पुण्याची एक मोठी रसायन कंपनी चिरंजीवांचा शोध विकत घ्यायला झाशीला येते आहे. प्रत्यक्षात एवढंच झालं होतं, की मंदारने मध्यंतरी कुठल्याशा परिषदेत एक छोटा निबंध वाचला होता, त्यात त्या रेघेचा आलेख होता, आणि कंपनीतल्या एका संशोधक मुलीने 'येऊन बघू का' असं विचारलं होतं. मंदारला दोन शब्द बोलायला सांगितलं. मला वाटलं, आता तरी हा म्हणेल, की थोडंसंच निघालंय. तो उठला, शर्ट ओढून नीट केला, समोर भरलेल्या खुर्च्या बघितल्या, आणि म्हणाला, "लवकरच आपण किलोच्या हिशोबात बोलू."

टाळ्या. बशीतली चिमूट त्या टाळ्यांत उडून गेली.

कंपनीची ती मुलगी, शमिका, माघात आली. पाठीला पिशवी, पायात बूट, मंदारपेक्षा वयाने लहान. तिला वाटलं होतं की प्रयोगशाळेत बसून दोघं बोलतील. तिच्या स्वागताला संगमरवरी हत्तींपासून रांगोळी होती, कॉलेजचे चेअरमन होते, आणि अख्खं मंडळ बसने आलं होतं. जीवाणू वाढवायच्या स्टीलच्या टाकीला झेंडूचा हार घातला होता. शमिकाने सगळ्यांना नमस्कार केला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "सर, तो हार काढता का? हवेच्या नळीवर आलाय. आतल्यांना श्वास घ्यायचाय."

मामा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग मंदारने मखमलीच्या रुमालावरून मोठी काचेची वाटी उचलली. वाटी काठोकाठ भरली होती. पांढरंशुभ्र, बारीक, पिठीसाखरेसारखं. मंडळातल्या बायकांनी "अगंबाई!" केलं. मी मंदारच्या शेजारी गेले आणि हळूच म्हटलं, "हे ते नव्हे."

"शुद्ध केलंय."

"एवढं? दोन महिन्यांत?"

"ताई, तुझं शाळेतलं जीवशास्त्र आहे. यात नको पडू."

मी मागे सरले. त्याने हे मोठ्याने म्हटलं असतं तर मी तिथेच त्याच्या कानफटात दिली असती. तो हळू बोलला. कुणाला काय ऐकू जावं याचं भान त्याला उत्तम आहे.

शमिकाने वाटीकडे बघितलं, मग मंदारकडे. "सुंदर स्फटिक आहेत," ती म्हणाली. "रंग कशाने काढलात?"

"कोळशाने. आमची खास पद्धत आहे."

"आणि वास? लिग्निनच्या काढ्याचा वास सहजी जात नाही. याला अजिबात नाही."

"तेच तर आमचं वैशिष्ट्य," मंदार म्हणाला. चेअरमननी मान डोलावली.

"थोडा नमुना मिळेल? चमचाभर पुरे."

इथे मामा पुढे झाले. "चमचाभर काय शमिकाजी! लेकीबाळीला कुणी चमचाभर देतं का?" त्यांनी प्लास्टिकची पिशवी मागवली, स्वतःच्या हाताने निम्मी वाटी त्यात ओतली, "घ्या, अजून घ्या" करत वर आणखी घातली आणि पिशवीच्या तोंडाला नाडा बांधून, वर हळदकुंकू लावून तिच्या हातात दिली. चोराच्या बापाने मुद्देमाल ओवाळून पोलिसाच्या हाती द्यावा, तसं ते दृश्य होतं. मंदारच्या कपाळावर थंडीतही घाम होता. पण तो फोटोसाठी हसला.

पांढरं कुठून आलं ते मला नंतर सलोनीकडून कळलं. कॉलेजला रसायनं पुरवणारा कानपूरचा एक व्यापारी आहे. मुलांच्या प्रात्यक्षिकांच्या सामानातच मंदारने एक बरणी जास्तीची मागवली होती. बस्स. यात कुठलं कारस्थान नाही, बुद्धीचं काम नाही. वाण्याकडून साखर आणावी इतकं ते सोपं होतं.

होळीच्या आधी शमिकाचा निरोप आला, की नमुन्याबद्दल बोलायचं आहे, व्हिडिओ कॉल करू. ती मंदारशी बोलणार होती. मामांनी तो कॉल आपल्या बैठकीतल्या टीव्हीवर जोडून घेतला. शेजारी आले, मंडळाचे दोन-चार कार्यकारिणीवाले आले, पेढे आले. मंदार म्हणाला, "बाबा, हे ऑफिसचं काम आहे." मामा म्हणाले, "अरे, आनंदाच्या बातमीला ऑफिस कसलं?" वडिलांना नाही म्हणायची सवयच त्याला नव्हती. ते कधी म्हणावंच लागलं नव्हतं.

शमिकाचा चेहरा टीव्हीभर आला. तिला आमची सगळी बैठक दिसली असावी, कारण ती दचकली. "सर, आपण दोघंच बोलू शकतो का?"

"बोला, बोला! सगळे घरचेच आहेत," मामा ओरडले.

ती मंदारकडे बघत राहिली. त्याने मान खाली घातली, पण उठला नाही. तेव्हा ती बोलली. फार नीट बोलली, हे मला मान्य केलं पाहिजे. हवेत एक किंचित किरणोत्सारी कार्बन असतो. झाड तो हवेतून घेतं, म्हणून लाकडात, टरफलात, गुळात, माणसातही तो असतो. जीव मेला की तो हळूहळू संपत जातो. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं पडलेल्या तेलात तो उरलेलाच नसतो. एखादी वस्तू झाडापासून केली की तेलापासून, हे त्यावरून सांगता येतं. वनस्पतीपासून केल्याचा दावा असला की त्यांची कंपनी ही चाचणी करतेच.

"आणि तुमच्या नमुन्यात," ती म्हणाली, "तो कार्बन अजिबात नाही."

"अजिबात नाही!" मामांनी टाळी वाजवली. "म्हणजे एकदम शुद्ध!"

दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्यासुद्धा. पेढ्यांचा पुडा उघडला गेला.

मग मला राहवेना. "मामा, पुडा बंद करा," मी म्हटलं. "ती सांगते आहे की ते टरफलांचं नाहीच. तेलाचं आहे. बाजारचं."

मंदार एकदम भानावर आल्यासारखा बोलू लागला. नमुन्यात गफलत झाली असेल, लॅबमध्ये बाटल्या बदलल्या असतील, कुणा विद्यार्थ्याने घोळ घातला असेल, पुण्याच्या चाचणीवर तरी किती विश्वास ठेवायचा. शमिकाने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "सर, मी तक्रार करायला फोन केलेला नाही. मला एक विचारायचंय. परिषदेतल्या तुमच्या निबंधात एक आलेख होता. तो मला खरा वाटतो. खोटा आलेख इतका वाईट कुणी काढत नाही. त्यात घाण दिसते, आणि घाणीच्या मध्ये ती रेघ दिसते. ते मूळचं तुमच्याकडे आहे का? तपकिरी असू दे, काळं असू दे. नखभर असलं तरी चालेल. मी तेच बघायला झाशीला आले होते."

मी मंदारकडे बघितलं. मला वाटलं, सुटला. देवाने हात धरून बाहेर काढला याला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

त्याने आधी वडिलांकडे बघितलं, मग पेढ्यांभोवतीच्या माणसांकडे.

"तसलं काही नाहीये माझ्याकडे," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारातून सलोनी बोलली, "है तो। वो भूरा वाला। उस दिन तुम रो पड़े थे…"

"वो कचरा था!" मंदार तिच्यावर ओरडला. "तुम्हें क्या समझ में आता है?"

टीव्हीवरच्या शमिकाने समोरची वही मिटली. मग तिने "बरं, सर" म्हटलं आणि कॉल बंद झाला. सगळ्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. मामा तेवढे जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाले, "पुण्याच्या लोकांना आपलं बघवत नाही." दारापर्यंत पोचलेली माणसं थांबली. त्यांना बरं वाटलं. पेढे खाऊनच ती गेली.

कॉलेजने गाजावाजा केला नाही. हत्तींची लाज राखायची होती. मंदारने वैयक्तिक कारणासाठी राजीनामा दिला, असं ठरलं. मला काळजी वाटली ती जीवाणूंची. इतक्या पिढ्या काढ्यात तगवलेले, गोठवून नळ्यांत ठेवलेले. मी आणि सलोनी विभागप्रमुखांना भेटायला गेलो. ते म्हणाले, जनुकं बदललेले जीवाणू काही थर्मासमधून घरी नेता येत नाहीत, आणि ते बरोबरच होतं. एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे मात्र पाठवता येतात. पुण्याहून विचारणा आली आहे. ज्याने ते तयार केले त्याने काय केलंय ते सांगून एक सही द्यायची.

मी मंदारकडे गेले. तो गच्चीवर पतंगाचा मांजा गुंडाळत बसला होता. या वयात.

"सही कर. तुझं काम तरी जगेल."

"ताई, सही केली म्हणजे काय होईल? ते तपकिरी होतं, आणि पांढरं मी आणलं, हे कबूल केल्यासारखं होईल."

"ते सगळ्यांना माहीतच आहे!"

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "मंडळाला नाही माहीत. बाबांनी सांभाळून घेतलंय."

मी त्याला जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. सलोनी खाली ऐकत होती. तिने त्याला त्यानंतर बरेच दिवस जेवायला वाढलं, पण बोलली नाही. सही झाली नाही. कॉलेजने ठरावीक दिवस वाट बघितली आणि नळ्या वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकल्या. नियमच तसा आहे. त्यांच्या जागी फ्रीजरमध्ये आता काय ठेवलंय ते मला ठाऊक नाही. विचारायला गेले नाही.

सलोनी उन्हाळ्यात मऊरानीपूरला गेली ती भावाच्या गोदामावर काम बघायला लागली. शनिवारी-रविवारी येते. टरफलांच्या दाबून विटा करून ती भट्टीवाल्यांना विकते. "जलाना ही है तो ढंग से जलाओ," असं म्हणते. तिच्याबद्दल मंडळाने अजून एक शब्दही काढलेला नाही, शालीचा तर प्रश्नच नाही.

आणि मंदार? त्याचं उत्तम चाललंय. इलाइट चौराह्यावर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर तो डॉक्टर होऊ बघणाऱ्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. खाली फलक आहे, त्याच्यावर त्याचा मोठा फोटो, हाताची घडी, आणि हिंदीत लिहिलंय, 'वैज्ञानिक सर से सीधे पढ़ें'. गेल्या वर्षी त्याची काही मुलं पास झाली, तेव्हा मंडळाने सत्कार केला. शाल या वेळी त्याला बेताची बसली.

परवा मी बँकेत गेले होते, तर तो खाली चहाच्या टपरीवर दिसला. बोलावलंन. चहा घेता घेता मी त्याला सरळ विचारलं. इतके दिवस विचारायचं राहिलं होतं.

"मंदार, तुझ्याकडे खरं होतं. मग का रे?"

तो रस्त्याकडे बघत होता. टेम्पो, हॉर्न, समोरच्या दुकानाची पाटी रंगवणारा माणूस.

"तपकिरी होतं गं ते, ताई," तो म्हणाला. "आणि एवढंसं. तू बघितलंयस ना? बाबा सगळ्यांना घेऊन आले होते बसने. त्यांच्यासमोर एवढंसं कसं ठेवणार होतो मी?"

"ती पुण्याहून एवढंसंच बघायला आली होती."

"ती एकटी," तो म्हणाला. "बाकीचे पन्नास जण?"

मला हसू आलं नाही आणि कीवही आली नाही. एवढा शिकलेला माणूस मोजताना माणसं मोजतो, आणि तीही चुकीची. मी काही बोलणार तेवढ्यात वरच्या गॅलरीतून त्याच्या ऑफिसातल्या मुलीने हाक मारली, "सर, बैच बैठ गया!"

मंदार उठला, खिशातून कंगवा काढून केसांवरून फिरवला, आणि जिना चढून गेला. वरून मुलांचा "गुड आफ्टरनून सर" असा एकसुरी आवाज आला. चहाचे पैसे मी दिले.